पंधरा लिटरमध्ये बासष्ट किलोमीटर

लडाखची पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो, सेनेच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत. सतरा वर्षांची नोकरी झाली होती, त्यातली सोळा स्टिअरिंगवर. नागपूरच्या घरी बायकोनं विचारलं, "आता कोणतं गाव?" मी म्हटलं, "गाव नाही वं, रस्ता." आम्हा ड्रायव्हर लोकांची पोस्टिंग गावाला होत नाही, रस्त्याला होते. कोणता रस्ता आणि कोणती पोस्ट ते इथं लिहीत नाही. तो रस्ता अजून तिथंच आहे आणि आजही आपले जवान त्यावर गाड्या चालवतात.

आमची गाडी मोठी होती. सगळ्या चाकांना इंजिनची ताकद पोचते म्हणून तिला सिक्स बाय सिक्स म्हणतात. चिखल असो, वाळू असो, गुडघाभर बर्फ असो, निघून जाते. पण पितेही तशीच. भरलेली गाडी चढणीला लागली की लिटरला जेमतेम दीड किलोमीटर जायची. तेवढ्या तेलात तुमची मोटरसायकल हिंगण्याहून बर्डीला जाऊन परत येईल आणि वर उरेल. त्या उंचीवर पंप नाही. तिथलं प्रत्येक लिटर खालून कुणीतरी जीव मुठीत धरून वर आणलेलं असतं.

लान्स नाईक देवराव भोयर माझ्याकडे आला तो मे महिन्यात. उंचीला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. कागदावर पत्ता वाचून मी चाट पडलो. इतवारी, नागपूर.

"काय गा, आपल्याच गावचा निघाला."

"हो जी, उस्ताद. बाबा टेम्पो चालवते इतवारीत. धान्याचा."

आमच्यात शिकवणाऱ्या सीनियरला उस्ताद म्हणतात. बाकी कंपनी हिंदीत बोलायची, आम्ही दोघं आपल्या भाषेत. बाकीचे हसायचे. हसू देत.

त्याच्या बॅगेत कपड्यांच्या खाली एक बांबूची काडी होती, हातभर लांब. तिच्यावर दोन-दोन बोटांच्या अंतरानं ब्लेडनं खुणा कोरलेल्या. त्याच्या बापाच्या टेम्पोचा डिझेलचा काटा कैक वर्षांपासून मेलेला. मग टाकीत काडी बुडवायची, किती बोटं ओली झाली ते पाहायचं आणि निघायचं. इतवारीतले जुने ड्रायव्हर असंच करायचे. सगळ्यात खालची खूण दोन बोटांवर होती. बापाचा नियम असा की दोन बोटांच्या खाली डिझेल असलं तर गाडी काढायची नाही. भोयर आमच्या एवढ्या मोठ्या गाडीच्या टाकीतही रोज सकाळी तीच काडी घालायचा. डॅशबोर्डवर चांगला चालता मीटर असताना. मी कपाळाला हात लावला.

त्याचं पुढचं सोंग तर मला अजिबात चाललं नाही. गाडी चालवताना तो उजव्या पायातला बूट काढून ठेवायचा. दोन लोकरी मोजे, आणि तसाच पाय ॲक्सिलरेटरवर.

"बूट घाल."

"बुटात पॅडल समजत नाही जी."

"तुला समजवायला सरकारनं बूट दिले नाहीत. घाल."

त्यानं घातला. मी त्याला तीन दिवस जास्तीची ड्यूटी लावली, कुकहाऊसचं पाणी भरायची. त्यानं भरलं. चौथ्या दिवशी मी त्याच्या केबिनमध्ये डोकावलो, बूट परत काढलेला. मी तेव्हा तापट होतो. आताही आहे, पण आता बायको आवरते.

दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं की दर फेरीला त्याच्या टाकीत सगळ्यांपेक्षा जास्त डिझेल उरतं. रस्ता तोच, वजन तेच, गाडी तीच. मला वाटलं, हा उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडून देतो. आपल्याकडे निम्म्या ड्रायव्हरांना वाटतं की न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं. डोंगरात तो गुन्हा आहे. गिअर नसला की गाडी फक्त ब्रेकवर राहते, ब्रेक तापतात, आणि मग सरळ खड्ड्यात. त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी एक दिवस त्याच्या शेजारी बसलो.

उतार लागला. त्यानं पाय उचलला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. मी लिव्हरवर डोळा ठेवून राहिलो. ती हलली नाही. पाच किलोमीटर, सात किलोमीटर. वळण यायच्या कितीतरी आधी त्यानं पाय उचललेला असायचा आणि गाडी वळणाशी बरोबर त्या वेगानं पोचायची, जणू वळणानंच तिला बोलावलं होतं. ब्रेक त्यानं दोनदा लावला. त्या उतारावर मी चाळीसदा लावतो.

"न्यूट्रल नाही करत?"

"न्यूट्रलमध्ये इंजन स्वतःच्या जोरावर फिरते, मंग त्याले प्यावंच लागते. गिअरमध्ये पाय काढला तं चाकंच इंजनले फिरवते. तेव्हा थे थेंबभर पीत नाही. आवाज ऐका ना जी."

मी ऐकलं. खरंच आवाज वेगळा होता, कोरडा.

"अन् ब्रेक?"

"ब्रेक म्हंजे जाळलेलं डिझेल फेकून देणं, उस्ताद. आधी जाळून वेग घ्याचा, मंग फेकाचा. काहून?"

सोळा वर्षं गाडी चालवून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बुटाबद्दल बोलणं मी त्या दिवशी बंद केलं.

मग पाहू लागलो. रोज सकाळी टायरची हवा तपासायचा. ताडपत्री अशी आवळायचा की वाऱ्यात फडफडली नाही पाहिजे, फडफडणारी ताडपत्री गाडीला मागं ओढते म्हणे. कडक रस्ता लागला की पुढच्या चाकांची ताकद तोडायचा. आणि थांबलं की इंजिन बंद. हे शेवटचं कुणालाच पटायचं नाही. त्या थंडीत बंद केलेलं इंजिन सुरू होईलच याची खात्री नसते, म्हणून सगळे ते तासन्‌तास चालू ठेवतात. भोयर गाडी उताराकडे तोंड करून लावायचा, बॉनेटवर ब्लँकेट टाकायचा, दर तीन तासांनी दहा मिनिटं इंजिन चालवायचा आणि परत बंद करायचा.

"सुरू नाही झाली तर तुझी खैर नाही," मी म्हटलं होतं.

"उतार हाये ना जी. ढकलून देतो."

जानेवारीत आमचा पाच गाड्यांचा कॉन्व्हॉय वर माल उतरवून परत निघाला. माणसं अकरा. कॉन्व्हॉय कमांडर मी. चार गाड्यांत वरून परत आणायचा दारूगोळा होता. भोयरची गाडी रिकामी, सगळ्यांत पुढं. खिंड ओलांडली आणि हवा बिघडली. खिंडीखालच्या सपाटीवर रस्ता बांधणाऱ्या लोकांची एक दगडी खोली आहे, आत बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी डिझेलची शेगडी. तिथं आम्ही अडकलो, दोन दिवस. चार गाड्यांची इंजिनं दोन दिवस चालू राहिली. भोयरची राहिली नाही.

पहिल्या दिवसापासून माझं डोकं दुखत होतं. मी सांगितलं नाही. नव्या जवानांना मी स्वतः लेक्चर द्यायचो की डोकं दुखलं, धाप लागली तर लपवू नका, लगेच सांगा. आणि स्वतः गोळी खाऊन गप्प बसलो. कमांडर आजारी पडला असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात. मूर्खपणा होता, दुसरा शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मला उभं राहता येईना. खोकला आला तो गुलाबी फेस घेऊन. त्याला आम्ही हॅपो म्हणतो. उंचीमुळे फुफ्फुसात पाणी भरतं. औषध एकच, खाली उतरणं. नाहीतर माणूस जमिनीवर बसल्या जागी बुडतो. नाईक सुरजित सिंग फर्स्ट एडचं ट्रेनिंग घेतलेला होता. त्यानं माझ्या बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजन एकसष्ट. तुमचा-आमचा पंच्याण्णवच्या वर असतो.

आठ दहाला रेडिओ लागला. सुरजित बोलत होता, मी पडून ऐकत होतो. आधी खालचा आवाज आला.

"खालून ॲम्ब्युलन्स निघू शकत नाही. चढणीवर नवा बर्फ आहे. बर्फ हटवणारा डोझर उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पोचेल. हेलिकॉप्टरला हवा नाही. ओव्हर."

"पेशंट उद्यापर्यंत थांबणार नाही. ओव्हर."

"वरून उतरता येत असेल तर उतरा. ओव्हर."

फील्ड हॉस्पिटल बासष्ट किलोमीटर खाली. पहिले नऊ सपाट, मग पाच किलोमीटरची एक चढण, मग सगळा उतार. चारही गाड्यांच्या टाक्या तळाला गेलेल्या. भोयरनं आपल्या टाकीत काडी घातली. पंचावन्न लिटर.

सुरजित म्हणाला, "घेऊन जा. सगळं घेऊन जा."

भोयरनं त्याला हिंदीत विचारलं, बुखारी तासाला किती खाते. साधारण एक लिटर. दारूगोळा सोडून कुणाला निघता येणार नव्हतं. म्हणजे नऊ माणसं इथंच राहणार, उद्या संध्याकाळपर्यंत, आणि वर थोडं हाताशी हवं. बाहेर उणे पंचवीस. भोयर बाहेर गेला आणि दोन जेरीकॅन घेऊन आला. त्यानं टाकीतून चाळीस लिटर काढायला घेतलं.

इथं एक गोष्ट खरी लिहितो, कारण ती लिहिली नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी भ्यालो होतो. मला घरी बायको होती, मला मरायचं नव्हतं, आणि त्या क्षणी खोलीतल्या नऊ माणसांचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. मी म्हटलं, "भोयर, डिझेल काढू नको. हुकूम आहे."

तो माझ्याजवळ येऊन बसला. "उस्ताद, तुमी आता मरीज हा. हुकूम सुरजितचा चालते."

त्यानं सुरजितकडे पाहिलं. सुरजितनं जेरीकॅन उचलून पाहिला. मग म्हणाला, "पंधरामध्ये पोचवशील?"

"पोचवतो."

"पक्का?"

"चाळीस काढलं तरी काडी दोन बोटं दाखवते. दोन बोटांवर आमच्या घरी गाडी निघते."

हे तो मराठीतच बोलला. सुरजितला काय समजलं ठाऊक नाही, पण त्यानं मान हलवली.

नऊ वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो. निघण्याआधी भोयरनं गाडीतून जे निघेल ते उतरवलं. ताडपत्री, तिच्या कमानी, टूलबॉक्स, रिकामी पिंपं.

"स्टेपनी तरी राहू दे," मी म्हटलं.

"उतरवली जी. शंभर किलोची हाये थे."

"पंक्चर झाली तर?"

"नाही होत."

मला शेजारच्या सीटवर बांधलं. तोंडावर मास्क, पायाशी छोटा सिलिंडर. सुरजित म्हणाला, जपून वापरला तर तीन तास. म्हणजे ऑक्सिजनला घाई होती आणि डिझेलला सबुरी हवी होती, आणि दोन्ही एकाच माणसाच्या उजव्या पायाखाली होतं. भोयरनं बूट काढला, नाड्या बांधून बाजूला नीट ठेवला आणि पाय पॅडलवर टेकवला.

सपाटीवर तो वीसच्या वर गेला नाही. माझ्या छातीत पाण्याचा आवाज येत होता, उकळत्या भांड्यासारखा. मी मास्क बाजूला करून म्हटलं, "दाब." त्यानं ऐकलं नाही. मी परत म्हटलं.

"दाबलं तं चढणीच्या मधात थांबू, उस्ताद. बोलू नका. हवा वाचवा. मी डिझेल वाचवतो, तुमी हवा वाचवा."

मग मी नुसता पाहत राहिलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बर्फ कुठं खोल आहे ते त्याला दुरून दिसायचं आणि गाडी तिथं पोचण्याआधी तो किंचित वेग घ्यायचा, इतका किंचित की काटा हलायचा नाही, आणि गाडी त्या वेगावर बर्फातून निघून जायची. त्याचा पाय हलताना मला दिसलाच नाही. मोजा तेवढा हलायचा. मी सोळा वर्षं गाड्या चालवल्या, शेकडो पोरांना शिकवल्या, आणि त्या सीटवर अर्धा मेलेला असताना मला कळलं की गाडी चालवणं मी आज पहिल्यांदा पाहतोय. भीती होती, पण तिच्यावर काहीतरी दुसरंच चढलं होतं. देवळात उभं राहिल्यावर बोलणं आपोआप बंद होतं, तसं काहीतरी.

दहा वाजता चढण लागली. मी वर जात होतो आणि प्रत्येक शंभर फुटांगणिक माझा श्वास कमी होत होता. सिलिंडर थोडा वाढवावा लागला. माथा पाचशे मीटर राहिला असेल आणि इंजिनानं उचकी दिली. एकदा, मग परत.

दोघांनाही कळलं काय झालं ते. चढणीवर टाकीतलं डिझेल मागं गेलं होतं आणि पाइपचं तोंड उघडं पडत होतं. इंजिन डिझेलऐवजी हवा ओढत होतं. एकदा हवा धरली की इंजिन बंद, आणि त्या थंडीत हवा काढून परत सुरू करायला तास लागतो. माझ्याकडे तो तास नव्हता.

भोयरनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं डावी चाकं डोंगराच्या कडेला साचलेल्या बर्फाच्या बांधावर चढवली. गाडी उजवीकडे कलली. उजवीकडे टाकी होती, आणि टाकीपलीकडे दरी. माझ्या खिडकीतून फक्त आभाळ दिसत होतं, त्याच्या खिडकीतून फक्त खोलवरची नदी. टाकीतलं उरलंसुरलं डिझेल कडेला, पाइपच्या तोंडाशी सरकलं. उचकी थांबली. तशी कललेली गाडी त्यानं पाचशे मीटर चालवली, पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत. एकदाही कमी-जास्त नाही. माथ्यावर चाकं खाली आली तेव्हा त्यानं श्वास सोडला. तेव्हा मला कळलं की त्यानं तो धरून ठेवला होता.

"झालं जी," तो म्हणाला. "आता गाडी आपलं पाहते."

पुढच्या अठ्ठेचाळीस किलोमीटरमध्ये मी तो कोरडा आवाज ऐकला. जवळजवळ सगळा वेळ. किती वळणं गेली ते मला मोजता आलं नाही, डोळे मिटत होते. बर्फ संपून काळा रस्ता लागला तिथं तो थांबला.

"आठ मिनिटं द्या जी. चेनी काढतो. चेन गाडीले धरून ठेवते."

त्यानं इंजिन बंद केलं. मला वाटलं संपलं. तो खाली उतरला, एका पायात बूट आणि एका पायात मोजे, आणि बर्फात घसरू नये म्हणून चाकांना बांधलेल्या चेनी काढून रस्त्याच्या कडेला रचून ठेवल्या. परत येऊन ब्रेक सोडला. गाडी आपल्या वजनानं घरंगळली, त्यानं क्लच सोडला, इंजिन लागलं. मी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं.

पावणेबाराला सिलिंडर संपला. पण आम्ही तोवर बरेच खाली आलो होतो आणि खालची हवा दाट असते. मी श्वास घेत होतो. वाईट, पण घेत होतो. बारा चाळीसला गाडी फील्ड हॉस्पिटलच्या गेटमध्ये शिरली. स्ट्रेचर आलं तेव्हा इंजिनानं परत उचकी दिली आणि ते स्वतःच बंद पडलं. गेटच्या आत.

संध्याकाळी मला थोडी शुद्ध आली. नाकात नळी होती. भोयर खाटेशेजारी स्टुलावर बसला होता, उजव्या पायाला पट्टी. दोन बोटं पांढरी पडली होती, डॉक्टर मॅडमनं त्याला आठवडाभर पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं होतं. त्याच्या हातात काडी आणि चाकू होता. तो काहीतरी कोरत होता. मला वाटलं वेळ घालवतोय.

"उद्या कोण जाते वर?" मी विचारलं.

"मीच जी. डोझरच्या मांगं. सुरजितले पक्का म्हटलं ना."

"पाय?"

"पाय नाही, दोन बोटं."

त्यानं काडी माझ्या उशीखाली सरकवली. "ठेवा तुमच्यापाशी. आल्यावर घेतो. उद्या टाकी फुल हाये, काडीचं काम नाही."

मी त्याला थांबवलं नाही. माझा हुकूम अजून चालत नव्हता, पण मी म्हटलं असतं तर डॉक्टर मॅडमनं ऐकलं असतं. मी म्हटलं नाही. मला नऊ माणसं आठवली, ती तेव्हा आठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वीसला तो दगडी खोलीपाशी पोचला. नऊही जण ठणठणीत होते. दुसऱ्या जेरीकॅनमध्ये थोडं डिझेल उरलंही होतं. खालून नेलेल्या पिंपांतलं डिझेल सगळ्या गाड्यांत भरलं. रात्र तिथंच काढली. त्या चार गाड्या दुसऱ्या सकाळी लवकर लागेनात, म्हणून भोयर एकेकीला धक्का देऊन सुरू करत राहिला आणि स्वतः सगळ्यांत शेवटी निघाला. नऊ चाळीसला, चढणीच्या अलीकडच्या नाल्याजवळ, वरून बर्फ सुटला. चार गाड्या पुढं गेल्या होत्या. पाचवी गेली नाही. तो एकटाच होता तिच्यात. शेजारची सीट त्यानं रिकामी ठेवली होती, सोबत्याला पुढच्या गाडीत बसवलं होतं.

सहाव्या दिवशी गाडी सापडली. सुरजित तिथं होता. त्यानं मला नंतर सांगितलं की उजवा बूट केबिनमध्ये बाजूला होता, नाड्या बांधलेल्या. टाकी फुल होती. तरी त्यानं बूट काढला होता.

तिरंगा घेऊन त्याच्या घरी गेले ते दुसरे लोक. मी हॉस्पिटलात होतो. दोन महिन्यांनी सुट्टी मिळाली तेव्हा इतवारीत गेलो. दुपारची वेळ होती. गल्लीत हातगाड्या, पोत्यांची उतरवणी, टेम्पोवर टेम्पो. एका जुन्या टेम्पोपाशी भोयरचे बाबा उभे होते, पोती मोजत. मी नाव सांगितलं. त्यांनी पोती मोजणं पूर्ण केलं आणि मग माझ्याकडे वळले.

"तुमीच थे उस्ताद."

"हो."

मी काडी काढून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. वरपासून एकेका खुणेवर अंगठा फिरवत खाली आले. खालच्या खुणेशी, दोन बोटांच्या खुणेशी, थांबले. मग अंगठा आणखी खाली गेला आणि परत थांबला. तिथं एक बारीक, नवी खूण होती. तळापासून अर्ध्या बोटावर. मी दोन महिने ती काडी जवळ बाळगली होती आणि मला ती खूण दिसली नव्हती.

"ही माही नाही," ते म्हणाले. "ही कोणाची?"

मग मला ते स्टूल आठवलं, तो चाकू आठवला. मी सगळं सांगितलं. पंधरा लिटर, चढण, कललेली गाडी, गेटच्या आत बंद पडलेलं इंजिन. हुकूम दिला होता तेही सांगितलं. ते गल्लीकडे पाहत ऐकत राहिले.

"मी त्याले म्हटलं होतं, दोन बोटांच्या खाली गाडी काढाची नाही," ते म्हणाले.

"नाही काढली, बाबा. दोन बोटांवर काढली. पोचली ती अर्ध्या बोटावर."

त्यांनी परत त्या खुणेवर अंगठा ठेवला. "इतक्यात तं टाकीत डिझेल राहत नाही. हवाच राहते." मग हळूच म्हणाले, "एवढं चालवलं पोरानं. एवढं मलेही नसतं जमलं." आणि एवढं बोलून ते रडले. उभ्यानंच, टेम्पोला टेकून. मीही रडलो. लोक पोती घेऊन बाजूनं जात राहिले.

निघताना मी काडी त्यांच्याच हातात ठेवली होती. त्यांनी ती माझ्या पिशवीत खोचली.

"तुमच्यापाशी ठेवा. खालची खूण तुमची हाये."

आता मी रिटायर आहे. हिंगण्याच्या एका कंपनीच्या बसगाड्यांचं काम पाहतो. मॅनेजर म्हणतात, तुम्ही आल्यापासून बसचं ॲव्हरेज वाढलं, काय केलं? मी काही केलेलं नाही. नवा ड्रायव्हर आला की मी त्याला रिकाम्या बसमध्ये बसवतो आणि उजवा बूट काढायला लावतो. ते हसतात. मग मी त्यांच्या हातात काडी देतो, खालच्या खुणेवर अंगठा ठेवायला सांगतो आणि नाव सांगतो. लान्स नाईक देवराव भोयर, इतवारी, नागपूर. त्यानंतर कुणी हसत नाही, आणि मग आम्ही गाडी सुरू करतो.